गोल्फच्या हिरवळीची ड्रोनपाहणी आणि नकाशावरचे तांबडे डाग

कोरडवाहू
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात राहतो आणि गेली चार वर्षे ड्रोनने शेतपाहणी करून देण्याचा व्यवसाय करतो. सांगोला-मंगळवेढा भागातील डाळिंबाच्या बागा आणि माळशिरसकडचा ऊस हे माझे नेहमीचे काम. यंदा फेब्रुवारीत एका परिचितांच्या ओळखीतून पश्चिम महाराष्ट्रातील एका अठरा होलच्या गोल्फ मैदानाची पाहणी करण्याचे काम मिळाले. मैदानाचे नाव देत नाही, कारण जो घोटाळा झाला तो माझ्याकडून झाला, त्यांच्याकडून नव्हे.

ज्यांनी माझ्याप्रमाणे गोल्फ केवळ दूरचित्रवाणीवर पाहिले आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चेंडू पहिल्यांदा मारतात ती जागा टी, तेथून पुढे पसरलेला कातरलेला पट्टा फेअरवे, त्याच्या कडेने वाढू दिलेले गवत रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि शेवटी झेंडा नि भोक असते तो गालिचा म्हणजे ग्रीन. फेअरवेवरचे गवत साधारण एक ते दीड सेंटीमीटर उंचीवर कापतात, तर ग्रीनवरचे अवघे तीन-चार मिलिमीटरवर आणि तेही जवळजवळ रोज. एकाच आवारात, एकाच पाण्यावर चार वेगळी पिके उभी असावीत असा हा प्रकार आहे. हे मी उड्डाणाआधी ध्यानात घ्यायला हवे होते आणि घेतले नाही.

पाहणी मी डाळिंबाच्या सवयीनेच केली. उंची साठ मीटर, हिरवा, लाल, रेड एज (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा) आणि नियर इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा अवरक्त) अशा चार पट्ट्यांचा कॅमेरा, ओळीतल्या छायाचित्रांत ऐंशी टक्के आणि दोन ओळींमध्ये सत्तर टक्के आच्छादन, चार बॅटऱ्या, वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा. एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे जेमतेम तीन सेंटीमीटर आले. घरी येऊन छायाचित्रे जोडली, एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकाचा, नकाशा काढला, तर अठरापैकी सात ग्रीन तांबड्याभडक. मी अहवालात बिनदिक्कत लिहून टाकले की या सात ग्रीनवर पाण्याचा ताण असून तेथे तातडीने पाणी वाढवावे.

अहवाल द्यायला गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी मुख्य माळ्यांना बोलावून घेतले. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी नकाशा दोन मिनिटे निरखला, काही न बोलता मला चौथ्या ग्रीनवर नेले, उकिडवे बसून गवतावरून तळहात फिरवला आणि तो माझ्यापुढे धरला. हाताला बारीक पांढरी वाळू चिकटलेली होती. "तुम्ही उडवलंत त्याच्या आदल्या दोन दिवसांत या सात ग्रीनवर आम्ही वाळू फिरवली होती," ते म्हणाले, "राहिलेल्या अकरांची पाळी पुढच्या आठवड्यात होती. तुमच्या ड्रोननं आमची वाळू मोजली."

पैसे त्यांनी पूर्ण दिले, त्यामुळे मी अधिकच ओशाळलो. एप्रिलमध्ये पुन्हा एकदा, मोबदला न घेता, पाहणी करून देतो असे सांगून आलो आहे. या वेळी फजिती होऊ नये म्हणून विचारतो: अशा गवताचा नकाशा वाचावा कसा, आणि मुळात रोज मैदानात वावरणाऱ्या माणसाला जे दिसत नाही असे काही ड्रोनला दिसते का?

काळीभोर
सोमवार, रात्री ११:०५

कृषी संशोधनात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुम्ही चूक उघडपणे मांडलीत हे चांगले केलेत. असे नकाशे शेतकऱ्यांच्या हाती देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट अशी की एनडीव्हीआय पाणी मोजत नाही. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि नियर इन्फ्रारेड परतवते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की तो निर्देशांक मिळतो. कॅमेऱ्याच्या नजरेत जितके हिरवे पान तितका आकडा मोठा. मग पान कमी दिसण्याचे कारण पाण्याचा ताण असो, वाळूचा थर असो, कापणी खोल झालेली असो, कीड असो की वरून पडलेला पाचोळा असो, आकडा सारखाच घसरतो. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो, तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट रंगांची, आणि माझ्या अनुभवात बहुतेक फजित्या येथेच होतात. संगणकाची प्रणाली नकाशातील सर्वांत लहान आकड्याला तांबडा आणि सर्वांत मोठ्याला हिरवा रंग आपोआप देते. सबंध शेत उत्तम असले तरी त्यातील सर्वांत कमी उत्तम भाग तांबडाच दिसणार. वर्गात सगळ्यांना नव्वदच्या पुढे गुण असले तरी शेवटचा क्रमांक कोणाचा तरी असतोच. तेव्हा रंगांची पट्टी स्वतः ठरवून घट्ट करा आणि दर पाहणीला तीच वापरा. उड्डाणाआधी करड्या फलकाचे छायाचित्र घेऊन प्रकाशाची दुरुस्ती करता की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही. करत नसाल तर दोन दिवसांच्या नकाशांची तुलना करण्याच्या फंदात पडू नका.

आता गवताविषयी. आपल्याकडच्या गोल्फ मैदानांवर बव्हंशी जे गवत असते ते बर्म्युडा, म्हणजेच आपली हरळी. ज्या हरळीपायी आपल्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या नांगर, कुदळ आणि शिव्या खर्ची पडल्या, ती हे लोक पैसे मोजून लावतात आणि तिला दुखले-खुपले तर ड्रोन बोलावतात, याची मला अजूनही गंमत वाटते. अर्थात ग्रीनवरची हरळी आपल्या बांधावरची नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे साधी हरळी आणि तिची आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून काही बारीक पानांच्या जाती निघाल्या. त्यांपैकी फेअरवेला चालणारी टिफवे १९६० सालची आणि ग्रीनसाठीची टिफड्वार्फ १९६५ सालची. जात वेगळी, कापणीची उंची वेगळी, खालची माती वेगळी, मग निर्देशांकाची निरोगी पातळीही वेगळी. म्हणून ग्रीनची तुलना ग्रीनशी करा, फेअरवेशी नको; आणि त्याहून बरे म्हणजे चौथ्या ग्रीनची तुलना चौथ्याच ग्रीनच्या मागच्या महिन्याशी करा.

दाट गवतावर एनडीव्हीआय एका मर्यादेपुढे वाढतच नाही, सगळे सारखेच हिरवे दिसू लागते. तुमच्या कॅमेऱ्यात रेड एज पट्टा आहे, तेव्हा फेअरवेसाठी एनडीआरई, म्हणजे लालऐवजी रेड एज घेऊन काढलेला तसाच निर्देशांक, काढून पाहा. नत्राचा फरक त्यात अधिक स्पष्ट दिसतो. मात्र लोहाची फवारणी झाली असेल तर गवत दोन दिवसांत गडद होते आणि नकाशा तुम्हाला पुन्हा चकवतो. म्हणून मामांकडून पंधरा दिवसांची रोजनिशी घ्या. कापणी कधी, वाळू कधी, खत कधी, कोणती फवारणी, कोठे भोके पाडली, एवढे आधी टेबलावर पाहिजे.

आणखी एक. लव्हाळा शोधायचा असेल तर कापणीनंतर दोन-तीन दिवस थांबून उडवा. तो हरळीपेक्षा भराभर वाढतो आणि पिवळसर पोपटी ठिपक्यांनी वर येतो. कापणीच्या दिवशी दोघे एका उंचीचे होतात आणि मग त्याला ओळखणे अवघड जाते.

सातरस्ता
मंगळवार, सकाळी ७:५०

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण एक प्रश्न घशात अडकला आहे तो विचारतो. आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. उजनी भरली तरी तेच आणि आटली तरी तेच. अशा जिल्ह्यातील हुशार मंडळींनी परगावच्या श्रीमंतांच्या हिरवळीची तब्येत तपासत बसावे, हे मला तरी विचित्र वाटते. कोरडवाहू यांच्या व्यवसायावर टीका करण्याचा हेतू नाही. पण त्या मैदानाला रोज किती पाणी लागते, एवढा आकडा तरी या धाग्यावर यावा.

थेंबमोजणी
मंगळवार, दुपारी २:२०

ठिबक आणि तुषार संच बसवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, तेव्हा हा हिशेब माझ्या हाताखालचा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे नेमका एक टँकर. अठरा होलच्या मैदानात पाणी दिले जाणारे गवत वीस हेक्टर धरा आणि उन्हाळ्यात हरळीची गरज दिवसाला पाच मिलिमीटर धरा. वीस गुणिले पाच, शंभर टँकर. रोज दहा लाख लिटर. प्रत्येक मैदानाचे क्षेत्र आणि हवा यांप्रमाणे आकडा कमी-जास्त होईल, पण सातरस्ता, तुमच्या प्रश्नाला ही ढोबळ मापाची पट्टी पुरेल.

माझ्या मते ड्रोनचा खरा उपयोग याच शंभर टँकरांत आहे. मैदानावर सगळीकडे सारखे पाणी पडते असे कागदावर गृहीत धरलेले असते, प्रत्यक्षात तसे कधीच पडत नाही. तपासण्याची पद्धत जुनीच आहे: सारख्या आकाराची भांडी ठराविक अंतरावर मांडायची, तुषार वीस मिनिटे चालवायचे आणि प्रत्येक भांड्यातले पाणी मोजायचे. समजा सर्व भांड्यांची सरासरी सहा मिलिमीटर आली आणि सर्वांत कोरड्या चतुर्थांश भांड्यांची सरासरी चार. मग त्या कोरड्या भागाला सहा मिलिमीटर मिळावेत म्हणून संच दीडपट वेळ चालवावा लागतो, आणि उरलेल्या मैदानात पाणी नुसते मुरते किंवा साचते. माळी हेच करत असतो. एक पिवळा डाग दिसला म्हणून अख्ख्या पट्ट्याची वेळ वाढवतो, आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण तक्रार डागाची येते, पाण्याची येत नाही.

पण भांडी पन्नास एकरांवर मांडता येत नाहीत. कोठे मांडायची, एवढे ड्रोनने सांगावे. त्यासाठी डागाचा रंग नंतर पाहा, आधी आकार पाहा. वर्तुळ किंवा कमान दिसली की दोष बहुधा तुषारात असतो: नोझल अडकले, डोके तिरके झाले किंवा दाब कमी पडला. सरळ रेघ ही यंत्राची, फवाऱ्याची किंवा जमिनीखालच्या नळाची. वेडावाकडा, उतारासरशी पसरलेला डाग मातीचा, निचऱ्याचा किंवा रोगाचा. झाडाच्या उत्तरेला रोज त्याच जागी असणारा डाग सावलीचा. हरळीला सावली अजिबात सोसत नाही. हे नियम दगडावरची रेघ नाहीत, पण वाळूच्या सात ग्रीन तुम्ही या कसोटीवर पाहिल्या असत्या, तर तांबडा रंग ग्रीनच्या कडेवर रेखीव थांबलेला पाहून तुम्हालाच शंका आली असती. पाण्याचा ताण इतका नीटनेटका नसतो.

जमल्यास थर्मल कॅमेरा भाड्याने घ्या. गवताला पाणी मिळत असले की पानांतून बाष्प जाते आणि भर उन्हातही ते थंड राहते. पाणी तुटले की पान पिवळे पडण्याच्या आधी तापते. एनडीव्हीआय झालेले नुकसान दाखवतो, थर्मल होऊ घातलेले. उड्डाण दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, आकाश निरभ्र आणि वारा कमी असताना करा. एक ढग सरकला तरी अर्धे मैदान दोन अंशांनी थंड दिसते. आणि बॅटरीची काळजी घ्या. बहुतेक लहान ड्रोनांची मर्यादा चाळीस अंश सेल्सिअस लिहिलेली असते आणि आपल्याकडचा मे महिना ती मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडतो.

कोरडवाहू
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

काळीभोर सर, करडा फलक वापरला होता, परंतु फक्त पहिल्या उड्डाणाआधी. बॅटरी बदलताना पुन्हा घेतला नाही. रंगपट्टी आपोआपचीच होती. काल रात्री जुना नकाशा पट्टी बदलून पाहिला, तर ज्या दोन फेअरवेंना मी "मध्यम ताण" असा शेरा दिला होता, त्या सरळ हिरव्या झाल्या. थेंबमोजणी, तुमचे रेखीव कडेचे म्हणणे वाचून नकाशा पुन्हा उघडला. कडा अगदी कात्रीने कापल्यासारख्या आहेत. इतके ढळढळीत होते तर!

गुंठेवारी
मंगळवार, रात्री १०:३०

मी मोजणीच्या क्षेत्रातला. पीक आणि गवत यांत मला गती नाही, नकाशाविषयी मात्र दोन गोष्टी सांगतो.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, ती आपल्या खेड्यापाड्यांतील बऱ्याच जणांनी पाहिली असेल. उड्डाणाआधी गल्लोगल्ली चुन्याच्या रेषा मारून हद्दी आखत, कारण आकाशातून भिंत दिसते, हक्क दिसत नाही. तुमच्या मैदानावरही हेच करा. उड्डाणाच्या सकाळी प्रत्येक तुषाराच्या डोक्यापाशी, झडपेपाशी आणि निचऱ्याच्या जाळीपाशी पांढरी कागदी ताटली ठेवा, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा. मग तुम्हाला प्रत्येक तुषाराचे अचूक स्थान असलेला पायाभूत नकाशा मिळेल. बहुतेक जुन्या मैदानांत नळांचे मूळ आराखडे एक तर हरवलेले असतात किंवा कामाच्या वेळी बदललेले असतात, आणि खरी माहिती एखाद्या माळ्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नळ शोधायला खोदकाम करावे लागते. माझ्या मते हा पायाभूत नकाशा तुमच्या सगळ्या रंगीत नकाशांहून अधिक काळ कामाला येईल.

दुसरी गोष्ट उंचीची. छायाचित्रांवरून चढ-उताराचे प्रतिमान काढता येते, त्यावरून पाणी कोठून कोठे वाहते, कोठे साचते, बंकरमधील वाळू किती कमी झाली, याचा चांगला अंदाज येतो. जमिनीवर पाच-सहा नियंत्रण बिंदू पक्के मोजून घ्या, किंवा आरटीके (स्वतःचे स्थान सेंटीमीटरपर्यंत अचूक नोंदवणारी यंत्रणा) असलेला ड्रोन वापरा आणि तरीही दोन बिंदू पडताळणीसाठी राखून ठेवा. परंतु ग्रीनच्या बारीक चढ-उताराबद्दल काही दावा करू नका. ग्रीनवर एक टक्का उतार म्हणजे तीन मीटरमध्ये तीन सेंटीमीटर, आणि चांगल्या पाहणीतही उभ्या मापातील चूक जवळपास तेवढीच असू शकते. शिवाय कॅमेऱ्याला गवताचा माथा दिसतो, माती दिसत नाही. रफमध्ये गवत घोटाभर असेल तर तुमचे प्रतिमान घोटाभर खोटे.

डाळिंबदाणा
बुधवार, सकाळी ८:४०

मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रश्न बाळबोध वाटेल, पण सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांनी मिळतात. मग ड्रोनचा खर्च करायचा कशाला?

काळीभोर
बुधवार, सकाळी ९:३०

मुळीच बाळबोध नाही, बाईसाहेब. सेंटिनेलचा पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटरचा. सर्वसाधारण ग्रीन पाचशे चौरस मीटरची असते. तिच्या वाट्याला पाच पिक्सेल येणार आणि त्यांतही कडेच्या पिक्सेलांत निम्मा रफ किंवा बंकर मिसळलेला. तीस-चाळीस मीटर रुंदीच्या फेअरवेवर मात्र तीन-चार पिक्सेल बसतात, तेथे वर्षभराचा कल समजायला उपग्रह पुरेसा आहे आणि मीही तोच वापरण्याचा सल्ला देईन. पावसाळ्यात ढगांमुळे आठवडेच्या आठवडे चित्र मिळत नाही हे धरून चाला. डाळिंबाच्या चार एकरांच्या बागेलाही हाच हिशेब लागू पडतो, तो करून पाहा.

होटगी_रस्ता
बुधवार, दुपारी १:००

नियमांविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्राची सूट आहे, मोबदला घेऊन पाहणी करणाऱ्याला नाही. कोरडवाहू, "मोबदला न घेता" केलेली दुसरी पाहणीसुद्धा व्यवसायाचाच भाग समजून चाला. नॅनो वगळता तृतीय पक्षाचा विमाही लागतो, आणि गोल्फच्या मैदानावर हवेत चेंडू उडत असतात हे विमा काढताना लक्षात असू द्या.

हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा साठ मीटरवर येते आणि त्याहून जवळ गेल्यास परवानगीच घ्यावी लागते. आपल्याकडे बरीच वर्षे विमाने नसल्यामुळे लोकांची सवय मोडली आहे. १५ जून २०२३ रोजी विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची चिमणी पाडली गेली आणि जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. आता विमानतळाजवळच्या होटगी रस्त्याच्या आसपास सरावासाठी ड्रोन उडवणे अंगाशी येईल. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे तर फिरकूच नये. गोल्फच्या गावी जाण्याआधीही सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनक्षेत्रांच्या नकाशावर ते ठिकाण कोणत्या रंगात आहे ते पाहून घ्यावे.

कोरडवाहू
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:३०

दुसरी पाहणी करून परत आलो. सविस्तर लिहितो, कारण निम्मे श्रेय या धाग्याचे आहे.

क्षेत्र हिरवे निघाले, प्रमाणपत्र आणि विमा सोबत होता. सोमवारी मैदान खेळासाठी बंद असते, तो दिवस घेतला. मामांनी रोजनिशी तयार ठेवली होती, शाळेच्या वहीत, तारखेवार. गुंठेवारींच्या सांगण्याप्रमाणे सकाळी सहापासून चौघांनी कागदी ताटल्या ठेवल्या, तरी दुपारपर्यंत नोंदीत नसलेले नऊ तुषार सापडले आणि नोंदीत असलेले दोन कोठेच सापडले नाहीत. उड्डाणात खरा अडथळा घारींचा आला. दोन घारी बाराव्या होलपाशी ड्रोनभोवती घिरट्या घालू लागल्या, तेव्हा खाली उतरवून अर्धा तास थांबावे लागले. पंधराव्या फेअरवेच्या कडेला टिटवीने अंडी घातली होती. मामांनी तेथे आधीच चार काटक्या रोवून दोरी बांधली होती, कापणीचे यंत्रही ते वळसा घालून नेतात.

त्या सात ग्रीन आता बाकीच्या अकरांसारख्याच आहेत. हे अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिले.

अकराव्या फेअरवेवर एनडीआरईमध्ये फिकट कमान दिसली, आणि थर्मलमध्ये तीच कमान तापलेली. मी भांडी आणायला विसरलो होतो. मामांनी उपाहारगृहातून स्टीलच्या चोवीस वाट्या आणवल्या. तुषार वीस मिनिटे चालवल्यावर सर्वांत भरलेल्या वाटीत नऊ मिलिमीटर पाणी होते आणि कमानीतल्या वाट्यांत दोन. त्या बाजूच्या तीन तुषारांची डोकी वर्षानुवर्षे टाकलेल्या वाळूने आणि वाढलेल्या गवताने बोटभर खाली गेली होती, त्यामुळे पाणी बाहेर पडताच समोरच्या गवतावर आपटत होते. वरून पाहता तुषार "चालू" होते. मामांनी त्याच संध्याकाळी खुरप्याने भोवतालचे गवत कापून तिन्ही डोकी वर उचलून बसवली.

चौदाव्या होलच्या रफमध्ये गडद हिरवी, सरळ, सुमारे वीस मीटरची रेघ होती. एरवी हिरवे दिसले की मी पुढे सरकत असे, आता रेघ पाहून थांबलो. थर्मलमध्ये ती गार. सळई खुपसली तर चिखल वर आला, आणि कुदळीने दीड फूट खणल्यावर नळाचा सांधा पाझरताना सापडला. मामा म्हणाले, इथले गवत चांगले येते म्हणून आम्ही खूश होतो.

सहाव्या ग्रीनचा मागचा कोपरा मला सर्वांत शिकवून गेला. तेथे पाणी भरपूर पडत होते, वाट्यांनी ते सिद्ध केले, तरी गवत तापलेले आणि विरळ. मामांनी कोरून मातीची नळकांडी बाहेर काढली. वरचा बोटभर थर ओला, त्याखालची वाळू भुकटीसारखी कोरडी. त्यांनी त्या कोरड्या वाळूवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल राहिला, आम्ही बोलत होतो तेवढा वेळ मुरलाच नाही. कुजलेल्या मुळ्यांचा मेणचट लेप वाळूच्या कणांवर बसला की असे होते. तेथे पाणी वाढवणे म्हणजे ते बाजूला वाहवणे. आता त्या कोपऱ्यात भोके पाडून, पाणी मुरवणारे द्रावण देऊन पाहणार आहेत. फेब्रुवारीत माझा सल्ला ऐकून पाणी वाढवले असते तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो.

सतराव्या फेअरवेवर वेडावाकडा एक डाग आहे. वाट्या ठीक, माती ठीक, मुळ्या ठीक. त्याचे कारण मला कळले नाही आणि मामांनाही नाही; अहवालात तसेच लिहिले आहे. काळीभोर सर, छायाचित्रे तुम्हाला व्यक्तिगत संदेशातून पाठवतो.

सातरस्ता
रविवार, रात्री ९:१०

मनापासून अभिनंदन. प्रामाणिक वृत्तान्त आहे. आता एकच विचारतो: सांधा बुजला, तुषार सरळ झाले, संचाची वेळ कमी झाली असेल. मग वाचलेले पाणी गेले कोठे?

कोरडवाहू
रविवार, रात्री ९:४५

तुम्ही हे विचारणार याची खात्री होती, म्हणून काल मामांना दूरध्वनी करून विचारले. अकराव्या पट्ट्याची वेळ त्यांनी तीस मिनिटांवरून बावीसवर आणली आहे. पाणी त्यांच्या तळ्यातले आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे असते, ते गावाला जात नाही. क्लबच्या दारापाशी सरावाचे एक मैदान आहे, उन्हाळ्यात ते दरवर्षी वाळून पिवळे पडायचे. व्यवस्थापकांनी यंदा तेथे तुषार सुरू करायला सांगितले आहेत. ते मैदान पुढच्या पाहणीत धरायचे का, असे मामांनी मलाच विचारले.